बावन्नचे सत्तावन्न

या आठवड्याच्या पत्रांत एक पत्र हमरापूरचं आहे. पेण तालुक्यातलं हमरापूर म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा गणपतीच येतो, नाही का? तिथल्या आणि शेजारच्या जोह्याच्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्ती कुठल्या कुठल्या गावी जाऊन बसतात! पण आपल्या या दोस्ताचा प्रश्न गणपतीचा नाही, कबड्डीचा आहे.

तो लिहितो, "आमच्या संघाला वजनाची मर्यादा आहे. माझं वजन अडीच किलो जास्त भरतंय आणि स्पर्धेला आठच दिवस राहिलेत. संघातला एक मोठा मुलगा म्हणतो, दोन दिवस पाणी बंद कर, अंगात रेनकोट घालून पळ, वजन उतरतं. करू का? जपानचा एक बॉक्सर म्हणे चार वजनगटांत जगज्जेता झाला. त्याला जमतं, तर मला का नाही?"

उत्तर आधीच सांगून टाकतो: नको करूस. अजिबात नको. आता का नको, ते तू आणि तुम्ही सगळ्यांनीच ऐका.

आधी त्या जपानी बॉक्सरबद्दल. त्याचं नाव नाओया इनोउए. एप्रिल 2014 मध्ये तो पहिल्यांदा जगज्जेता झाला, तेव्हा विशीतच होता. त्या गटाची मर्यादा होती 48.99 किलो, म्हणजे जवळजवळ 49. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो मधला एक गट सोडून थेट 52 किलोच्या गटात गेला आणि दुसऱ्याच फेरीत तिथलाही किताब घेतला. 2018 साली साडेत्रेपन्न किलोचा गट आणि 2023 साली सव्वापंचावन्नचा. या शेवटच्या दोन गटांत तर चारही मोठ्या संघटनांचे पट्टे त्याने एकट्याने मिळवले.

आता एक गणित करा बरं. 49 पासून सव्वापंचावन्नपर्यंत किती किलो झाले? जेमतेम सव्वासहा! आणि तेवढं चढायला त्याला वर्षं लागली नऊ. शिवाय नीट बघा, तो प्रत्येक वेळी वरच्या गटात गेलाय, खालच्या नाही. मोठे बॉक्सर वजनकाट्यावर उभं राहण्याआधी थोडं वजन उतरवतात, हे खरं आहे. पण ती पूर्ण वाढ झालेली माणसं असतात आणि त्यांच्यामागे शिकवणारे, तपासणारे लोक असतात. तरीही त्यात धोका असतोच. तो पुढे सांगतो.

पण या गोष्टीसाठी जपानला कशाला जायचं? आपल्या कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. 15 जानेवारी 1926 रोजी तिथे एक मुलगा जन्मला. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे पोराच्या अंगाला तांबडी माती लहानपणीच लागली. त्याचं नाव खाशाबा जाधव. अंगाने लहानखुरा, पण चपळ असा, की समोरच्याला डाव कळायच्या आत पाठ टेकलेली असायची. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तो शिकला.

1948 साली खाशाबा लंडनच्या ऑलिंपिकला गेला. जाण्यायेण्याच्या खर्चाला कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. गट होता फ्लायवेट, म्हणजे 52 किलोपर्यंतचा. तिथे पोचल्यावर मोठीच पंचाईत झाली. पायाखाली मातीच नाही! गादीवर कुस्ती, आणि नियमही निराळे. आपल्या आखाड्यात चीतपट झाली की निकाल. तिथे घड्याळ लावलेलं, आणि गुणांवरही हारजीत. मातीत पाय रुततो, गादीवर रुतत नाही, म्हणजे उभं राहण्याची तऱ्हासुद्धा नव्याने शिकायची. तरी पठ्ठ्याने ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या पैलवानाला हरवलं, आणि सहावा आला.

सहावा नंबर म्हणजे पदक नाही. दुसरा एखादा म्हणाला असता, "झालं, आपली कुस्ती मातीतलीच." खाशाबाने तसं म्हटलं नाही. गादीवरच्या कुस्तीचा त्याने अभ्यास केला, मेहनत वाढवली आणि चार वर्षांनी, 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला, तो वरच्या गटात उतरला. बँटमवेट, 57 किलो. बावन्नचे सत्तावन्न!

"पाच किलो म्हणजे काय मोठंसं?" असं वाटेल तुम्हाला. लहान गटात पाच किलो म्हणजे पुष्कळ झाले. समोरचा प्रत्येक गडी जास्त वजनदार आणि त्या वजनावर वर्षानुवर्षं तयार झालेला. नुसतं खाऊन पाच किलो चढवले तर वजनकाटा खूश होईल, पण आखाड्यात धाप लागेल. वाढलेल्या किलोची ताकद व्हावी लागते, आणि ते काम होतं जोर-बैठकांनी, खुराकाने, झोपेने आणि वेळेने.

पैशाची अडचण या वेळीही होतीच. गावातल्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारे सर! विचार करा, केवढा विश्वास असेल त्यांचा.

हेलसिंकीत खाशाबाने कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या पैलवानांना मागे टाकलं. मग समोर आला, कोण सांगा पाहू? जपानीच! शोहाची इशी. हा मूळचा ज्यूदो खेळणारा, पुढे कुस्तीकडे वळलेला. म्हणजे खाशाबासारखंच त्यालाही एक विद्या येत असताना दुसरी शिकावी लागली होती. त्या झुंजीत खाशाबा हरला. लगेच सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवशी लढायला बोलावलं. मध्ये विश्रांती मिळायला हवी होती, पण भांडून ती मिळवून द्यायला आपला कुणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. दमलेला खाशाबा तीही कुस्ती हरला. इशीला सुवर्ण मिळालं आणि जपानला त्या ऑलिंपिकमध्ये मिळालेलं ते एकमेव सुवर्णपदक. खाशाबाला कांस्य. स्वतंत्र भारताचं ऑलिंपिकमधलं हे पहिलं वैयक्तिक पदक. पुढचं मिळायला 1996 साल उजाडावं लागलं, टेनिसमध्ये लिअँडर पेसचं. आणि ऑलिंपिकचं वैयक्तिक पदक पुन्हा महाराष्ट्रात यायला तब्बल 72 वर्षं लागली. 2024 साली कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ते नेमबाजीत आणलं.

खाशाबा परतला तेव्हा दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. पण घरी आल्यावर त्याने पहिलं काम कोणतं केलं असेल? कुस्त्या लावल्या आणि मिळालेल्या पैशातून सरांचं घर सोडवलं! 1955 साली तो मुंबई पोलिसांत फौजदार झाला. गुडघ्याच्या दुखापतीने 1956 चं ऑलिंपिक हुकलं. 1984 साली रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणानंतर. आता त्याचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात.

आता पाणी बंद करण्याकडे वळू या. आपल्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी असतं. दोन दिवसांत जे वजन उतरतं ते चरबीचं नसतं, बहुतेक पाण्याचं असतं. पाणी कमी झालं की रक्त दाट होतं, हृदयाला जोर लावावा लागतो. घामावाटे अंगातली उष्णता बाहेर जायची, तीही जात नाही. पायांत गोळे येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि वरून रेनकोट घालून पळायचं? 1997 साली अमेरिकेत अशाच तऱ्हेने वजन उतरवताना कॉलेजातले तीन कुस्तीगीर सुमारे महिन्याभरात दगावले. त्यानंतर तिथे कॉलेजच्या कुस्तीत रबरी कपडे घालून घाम काढायला बंदी आली.

आणि 2024 चं पॅरिस आठवतं ना? विनेश फोगट एरवी 53 किलोत खेळणारी, तिथे 50 किलोत उतरली. परदेशी पैलवानाकडून कधीच न हरलेल्या जपानच्या युई सुसाकीला तिने हरवलं, अंतिम फेरी गाठली. रात्रभर व्यायाम केला, घाम काढला, केससुद्धा कापले. सकाळी काट्यावर 100 ग्रॅम जास्त! ती बाद झाली. जगातल्या इतक्या मोठ्या पैलवानाची ही गत, तर तुझ्या वाढत्या अंगाचं काय?

हमरापूरच्या माझ्या दोस्ता, तुझ्या गावात तर हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असेल. शाडूची ओली मूर्ती लवकर वाळावी म्हणून कडक उन्हात ठेवली तर काय होतं? तडकते. म्हणून ती सावलीत, हळूहळूच वाळू द्यायची. मग तू स्वतःला उन्हात का ठेवतोस?

तेव्हा असं कर. उद्याच आपल्या सरांना आणि घरी खरं वजन सांग. अडीच किलो जास्त भरतात म्हणजे तुझी चूक झाली असं नाही, तू वाढतोयस. वरच्या गटाच्या संघात जागा असेल तर तिथे खेळ, पहिल्या सामन्यात आपटलास तरी खेळ. या वर्षी राखीव बसावं लागलं तर बस. वाईट वाटेल, मला माहीत आहे. पण तांदळाची भाकरी, डाळ, मासळी पोटभर खा, पाणी पी, सूर मारण्याचा सराव चालू ठेव. पुढच्या वर्षी तू आणखी वजनदार असशील, आणि ते वजन तुझ्या ताकदीचं असेल.

आणि तो मोठा मुलगा पुन्हा काही बोललाच, तर त्याला एवढंच विचार, "खाशाबा बावन्नवरून कुठे गेला रे? खाली की वर?"

काय झालं ते मला जरूर कळव. बाकीच्यांनीही लिहा, तुमच्या शाळेत वजन कसं करतात ते.

भेटू पुढच्या आठवड्यात!