एक थैली, दोन मित्र

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली की चंडीगडच्या अनेक मराठी घरांत एक प्रश्न उभा राहतो. कोणी चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत नोकरीस आहे, कोणी विद्यापीठात शिकवीत आहे, कोणी सरकारी कचेरीत आहे. घरातील मुलगा अथवा मुलगी म्हणते, "एका मित्राबरोबर, एका मैत्रिणीबरोबर, कोकणचा किनारा पाहून येते. पाठीवर एक पिशवी, खिशात बेताचे पैसे." आईच्या मनात काळजी येते, वडील खर्चाचा हिशेब विचारतात. वाचकहो, आपल्याही घरी हा प्रश्न आला असेल, तर आमचे मत असे की होकार द्यावा. मात्र निघण्यापूर्वी मुलांशी तीन गोष्टी स्पष्ट बोलाव्यात. काटकसर कशात करावी, समुद्राशी कसे वागावे आणि मैत्री कशी सांभाळावी.

प्रथम चंडीगडच्या मुलांचा विचार करू. ल कोर्बूझिए यांनी आखलेल्या या नगरीत रस्ते सरळ आहेत, चौक ठरलेले आहेत आणि घराचा पत्ता सेक्टरच्या आकड्यात सांगता येतो. पाणी म्हटले की या मुलांच्या डोळ्यांपुढे १९५८ साली बांध घालून निर्माण केलेला सुखना तलाव येतो. समुद्र येथून हजार किलोमीटरांच्या आसपास दूर. ज्याने केवळ बांधात अडवलेले पाणी पाहिले, त्याने एकदा तरी कोणाच्याही आज्ञेत नसलेले पाणी पाहावे, हा शिक्षणाचाच भाग होय.

अल्प द्रव्यानिशी दोघांनी दूरदेशी जाणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे आपल्या काकांबरोबर १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरच्या ओढगस्तीमुळे, दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेत बंडाचा वणवा भेटला, झाशीचा वेढा पाहावा लागला, लुबाडणूकही सोसावी लागली. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. कोकणातून उत्तरेस गेलेल्या त्या पायवाटेच्या उलट दिशेने आज आपली मुले आगगाडीने येतात, एवढाच फरक.

चंडीगडहून मडगावकडे थेट जाणारी गाडी आहे. ती रोज नसते, म्हणून वेळापत्रक आधी पाहावे. दोन हजारांहून अधिक किलोमीटरांचा हा प्रवास शयनयान वर्गाने केला तर खर्च आटोक्यात राहतो. १९९८ साली पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने ही सोय केली. तत्पूर्वी कोकणी माणूस बोटीने अथवा घाट उतरून गावी जाई.

रत्नागिरीस उतरावे आणि पुढे घाई सोडावी. महाराष्ट्राचा किनारा जुन्या मोजणीने सुमारे ७२० किलोमीटरांचा; परंतु तो सरळ नाही. सह्याद्रीवरून धावत येणाऱ्या लहान लहान नद्या जागोजाग खाड्या करून समुद्रास मिळतात. पलीकडचे गाव डोळ्यांसमोर दिसते आणि रस्त्याने जायचे तर आत पुलापर्यंत वळसा पडतो. म्हणून जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे अशा ठिकाणी फेरीबोटी सुरू झाल्या. पाठीवर पिशवी घेऊन बोटीत पाऊल टाकणाऱ्यास थोडक्या पैशांत खाडी ओलांडता येते. त्या चालू आहेत की नाहीत, याची चौकशी मात्र आदल्या दिवशी करावी.

आठ दिवसांचा क्रम असा धरता येईल. रत्नागिरीत लोकमान्यांचे जन्मस्थान आणि ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा ज्या वाड्यात १९१६ साली वारला तो वाडा पाहावा. मग गणपतीपुळे, आणि तेथून जवळच मालगुंड, म्हणजे कवी केशवसुतांचे जन्मगाव. पुढे जयगडची खाडी ओलांडून गुहागर. तेथून माघारी वळून पावस, विजयदुर्ग, देवगड, मालवण, आणि शेवटी मडगावची गाडी. एसटीची 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना १९८८ सालापासून आहे. चार किंवा सात दिवसांचा पास आपल्या क्रमात बसतो का, ते आगारात विचारावे. मुलाचे एक अंग ओळखीच्या रस्त्यांवर वाढलेले असते. एसटीच्या खिडकीशी बसून अनोळखी गावांच्या पाट्या वाचताना दुसरे अंग वाढते.

आता काटकसरीविषयी. स्वस्त प्रवास दोन प्रकारे करता येतो. एक, आपली सोय कमी करून. दुसरा, दुसऱ्याचा मोबदला कमी करून. पहिला प्रकार शहाणपणाचा, दुसरा लाजिरवाणा. साध्या वर्गाने जावे, दोन मैल चालावे, एकच खोली घ्यावी, आपले कपडे आपण धुवावेत. परंतु ज्या माउलीने पहाटे उठून घावणे घातले, नारळ खवून सोलकढी केली आणि विहिरीचे पाणी शेंदून अंघोळीस तापवले, तिच्याशी ताटामागे दहा रुपयांची घासाघीस करू नये. दर आधी विचारावा; परवडत नसेल तर नम्रपणे पुढे जावे; परवडत असेल तर पुरता द्यावा. पावसच्या मठात अथवा गणपतीपुळ्यास प्रसाद मिळतो. तो भक्तिभावाने घ्यावा. रोजच्या जेवणाचा खर्च वाचवण्याची युक्ती म्हणून नव्हे.

युवा वसतिगृहांची मूळ कल्पनाही हीच होती. जर्मनीत रिचर्ड शिरमान या शिक्षकाने आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२ साली पहिले कायमचे युवा वसतिगृह उघडले. तेथील मुक्काम स्वस्त, कारण बिछाना घालण्या-काढण्याचे आणि झाडलोटीचे काम पाहुण्यानेच करायचे. चंडीगडशेजारी पंचकुला येथे आणि पणजीत मिरामार येथेही अशी वसतिगृहे उभारली गेली. काटकसर म्हणजे स्वतःचे काम स्वतः करणे, हा त्यातला धडा.

दुसरी गोष्ट समुद्राची, आणि ती सर्वांत गंभीर. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीस आलेले दहाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळ नव्हते. समुद्र शांत दिसतो म्हणून तो निर्धोक असतो असे नाही, हे त्या घरांनी फार मोठी किंमत देऊन जाणले.

कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे. पंचांगातील तिथीची पाऊणपट करावी; जो आकडा येईल त्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी व पहाटे तीनच्या सुमारास भरती आणि सुमारे सहा तासांनी, नऊच्या आसपास, ओहोटी. अष्टमीस भरती सहाला. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाणी अधिक चढते आणि अधिक जोराने उतरते. हा केवळ अंदाज आहे. खरी वेळ गावातील कोळ्यास विचारावी आणि तो 'नको' म्हणेल तेथे पाण्यात उतरू नये. खाडीच्या मुखाशी तर कधीच नाही. लाटा फुटत असताना मध्येच एखादी पट्टी शांत दिसते. पुष्कळदा तेथूनच पाणी वेगाने आत परतत असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे थेट झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्यास समांतर सरकत प्रवाहाबाहेर पडावे, मग वळावे. एकजण पाण्यात असेल तेव्हा दुसऱ्याने काठावर राहावे. दोघांनी जाण्याचा हा पहिला लाभ.

तिसरी गोष्ट मैत्रीची. घरी वर्षानुवर्षे न दिसणारे स्वभाव चार दिवसांच्या प्रवासात दिसतात. एकास उशिरा उठायचे असते, दुसऱ्यास पहाटे मासळीचा लिलाव पाहायचा असतो. एकास मासे हवेत, दुसरा शाकाहारी. म्हणून प्रारंभीच दोघांनी सारखे पैसे एका थैलीत घालावेत. प्रवास, मुक्काम व साधे जेवण त्यातून आणि आपापली हौस आपापल्या खिशातून. हिशेब रोज रात्री लिहावा, प्रवास संपल्यावर नव्हे. मनात साठलेले पाच रुपये पुढे पाचशेंचे होतात. एकाने थकलो म्हटले, तर दुसऱ्याने थांबावे. किल्ला उद्याही तेथेच असतो. थोडी रक्कम परतीच्या आकस्मिक खर्चासाठी निराळी बांधावी आणि रोज ठरल्या वेळी घरी एक फोन करावा. त्यात कोणाच्याही स्वातंत्र्यास बाध येत नाही.

पालकहो, मुलांच्या हाती पैसे थोडे द्या, पण विश्वास पुरता द्या. परत आल्यावर किती ठिकाणे पाहिली, असे विचारू नका. ज्यांच्या घरी उतरलात त्यांचे नाव आठवते का, आणि बरोबरच्या मित्राबरोबर पुन्हा जाल का, एवढेच विचारा. दोन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर थैलीतील पैसा योग्य ठिकाणी खर्च झाला असे समजावे.