सही तज्ज्ञाची, शब्द कोणाचे?

गोळ्यांच्या पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. घटकद्रव्ये, बॅच क्रमांक, मुदत, किंमत, कंपनीचा पत्ता आणि उत्पादन परवान्याचा क्रमांक. चष्मा लावूनही ते धड वाचता येत नाही, ही गोष्ट वेगळी. पण एक माहिती तिथे कधीच नसते. हे औषध या देशात विकायला हरकत नाही, असे कोणी ठरवले आणि कशाच्या आधारावर? पट्टीवरचा परवाना असतो तो औषध तयार करण्याचा. ते मुळात बाजारात यावे की नाही, हा निर्णय नव्या औषधांबाबत त्याआधी दिल्लीत झालेला असतो. तो घेणाऱ्यांना कोणी मत दिलेले नसते आणि त्यांची नावेही सहसा कोणाला ठाऊक नसतात.

यात वावगे काही नाही. कर्करोगाचे औषध किती गुण देते, यकृतावर काय परिणाम करते, हे मतपेटीतून कळत नाही. म्हणून कंपनीचा अर्ज केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे औषध महानियंत्रकांच्या कार्यालयाकडे जातो. हे कार्यालय त्या त्या विषयातल्या डॉक्टरांचा आणि औषधशास्त्रज्ञांचा सल्ला घेते आणि मंजुरी देते किंवा नाकारते. सल्ला कागदोपत्री बंधनकारक नसतो. व्यवहारात बहुतेक वेळा तोच निर्णय ठरतो. मंत्र्यांची सही त्यावर लागत नाही आणि लागूही नये. प्रश्न वेगळाच आहे. तज्ज्ञाच्या नावाने दिलेले मत खरोखर तज्ज्ञाचेच आहे, याची खात्री बाहेरच्या माणसाने कशी करायची?

हा प्रश्न हवेतला नाही. ८ मे २०१२ रोजी आरोग्यविषयक संसदीय स्थायी समितीने आपला ५९ वा अहवाल संसदेत मांडला. विषय होता याच संघटनेचा कारभार. समितीने ४२ औषधांच्या फायली मागवल्या. त्यातल्या तीन सापडल्याच नाहीत. उरलेल्या ३९ पैकी ११ औषधांच्या बाबतीत भारतीय रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या झालेल्याच नव्हत्या. जानेवारी २००८ ते ऑक्टोबर २०१० या काळात भारतीय रुग्णांवर चाचणी न घेता किती नवी औषधे मंजूर झाली, या प्रश्नाला मंत्रालयाने उत्तर दिले : ३१. समितीने ताडून पाहिले तेव्हा यादीतून दोन नावे गळाली असल्याचे दिसले. खरा आकडा ३३ होता.

पण त्या अहवालात सर्वात बोचणारा भाग आकड्यांचा नव्हता, पत्रांचा होता. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या संस्थांतल्या नामवंत डॉक्टरांनी एकाच औषधाची शिफारस करणारी पत्रे दिली होती आणि त्यांतला मजकूर शब्दन्‌ शब्द सारखा होता. छापातून काढलेल्या गणपतींसारखी ती पत्रे. समितीने मग आडपडदा ठेवला नाही. ही मते औषध कंपन्यांच्या अदृश्य हातांनी लिहिली आणि तज्ज्ञांनी खाली फक्त सह्या केल्या, असे तिने स्पष्ट लिहिले. उत्पादक, कार्यालयातले काही लोक आणि काही डॉक्टर यांच्यात संगनमत असल्याचे म्हणण्याइतका पुरावा नोंदींत आहे, असाही तिचा निष्कर्ष होता.

अलीकडे अशा गोष्टींना ‘डीप स्टेट’ म्हणण्याची पद्धत पडली आहे. कुठल्याशा तळघरात बसलेले चार लोक देश चालवतात, असे चित्र त्या शब्दातून उभे राहते. वस्तुस्थिती त्याहून कितीतरी साधी आहे, म्हणूनच ती पकडायला अवघड जाते. कामाने वाकलेले कार्यालय, वेळ नसलेला प्राध्यापक आणि तयार मसुदा घेऊन आलेला नम्र माणूस. ‘सर, आपल्याला त्रास नको म्हणून टाइप करूनच आणलंय.’ एवढ्यावर काम भागते. त्यात पैशांची देवघेव झालीच असेल असेही नाही. परिषदेचे निमंत्रण, आधीच्या चाचणीतली ओळख, पुढच्या चाचणीची आशा, किंवा नुसती भीडही पुरते.

लेट्रोझोलचे उदाहरण घेण्यासारखे आहे. रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांमधील स्तनाच्या कर्करोगासाठीचे हे औषध २००७ मध्ये भारतात वंध्यत्वावरच्या उपचारासाठी मंजूर झाले. म्हणजे ज्या वयोगटाला ते देऊ नये असे मूळ कंपनीचे सांगणे होते, त्याच वयोगटाला. संसदीय समितीने या मंजुरीवर कडक ताशेरे ओढले. त्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०११ मध्ये, सरकारने त्या वापरावर बंदीही घातली होती. पुढे गंमत झाली. अमेरिकेत झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पीसीओएस असलेल्या स्त्रियांना याच औषधाचा जुन्या औषधापेक्षा अधिक फायदा झाल्याचे दिसले. भारतातली बंदी नंतर उठली आणि आज स्त्रीरोगतज्ज्ञ ते सर्रास लिहून देतात.

मग २००७ ची मंजुरी बरोबर होती, असे म्हणायचे का? काही जण तसे म्हणतात. पण तेव्हा ज्या स्त्रियांनी ती गोळी घेतली, त्यांना पुढे २०१४ मध्ये काय निष्पन्न होणार आहे हे माहीत नव्हते. मंजुरी देणाऱ्यांनाही नव्हते. डोळे मिटून रस्ता ओलांडला आणि गाडी आली नाही, इतकाच त्याचा अर्थ.

त्याच अहवालाने दुसऱ्या एका दाराकडेही बोट दाखवले होते. दोन-तीन औषधे एका गोळीत किंवा बाटलीत एकत्र केली की कायद्याच्या भाषेत ते बहुधा नवे औषध ठरते आणि त्याला केंद्राची मंजुरी लागते. प्रत्यक्षात अशी कितीतरी मिश्रणे केंद्राला न विचारता राज्यांच्या परवाना अधिकाऱ्यांनी मंजूर केली. २००७ मध्ये केंद्राने २९४ मिश्रणे मागे घ्यायला सांगितली तेव्हा उत्पादक मद्रास उच्च न्यायालयात गेले आणि स्थगिती मिळवून आले. मार्च २०१६ मध्ये प्रा. चंद्रकांत कोकाटे यांच्या समितीच्या अहवालावरून ३४४ मिश्रणांवर बंदी आली. घराघरांत ठाऊक असलेली कोरेक्सची बाटली आणि ‘विक्स अ‍ॅक्शन ५०० एक्स्ट्रा’ दुकानांतून उठली ती त्या आठवड्यात. डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली, कारण कायद्याने नेमलेल्या औषध तांत्रिक सल्लागार मंडळाला सरकारने विचारलेच नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या डिसेंबरात प्रकरण त्या मंडळाकडे सोपवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या उपसमितीने ती मिश्रणे पुन्हा तपासली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर नव्याने बंदी आली. सॅरिडॉनसारख्या काहींना तेव्हाही न्यायालयातून सवलत मिळाली.

पहिल्या यादीपासून या बंदीपर्यंत अकरा वर्षे गेली. ही मिश्रणे बाजारात यायला राज्याच्या एका अधिकाऱ्याची सही पुरली होती. त्यातल्या प्रत्येक परवान्यामागे कोणते शास्त्रीय कारण होते, हे विचारायला गेलेल्याला उत्तर मिळत नव्हते. कारण अनेकदा ते लिहिलेलेच नव्हते. मधल्या काळात ताप, खोकला, सांधेदुखी म्हणून कोणी किती बाटल्या आणि पट्ट्या रिचवल्या, याचा हिशेब कोणाकडेच नाही.

कारण लिहिले नाही की चांगल्या निर्णयावरही संशय येतो, हे करोनाकाळाने दाखवले. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २५,८०० स्वयंसेवक घेतले गेले. पण लस किती परिणामकारक आहे, हे अजून हाती यायचे होते. तरी जानेवारी २०२१ च्या पहिल्या आठवड्यात तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून तिला ‘क्लिनिकल ट्रायल मोड’मध्ये मंजुरी मिळाली. या शब्दप्रयोगाचा अर्थ काय, हे लस टोचून घेणाऱ्या परिचारिकेला आणि आशाताईंना कोणी समजावून सांगितले नाही. पुढे नोव्हेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये ७७.८ टक्के परिणामकारकता प्रसिद्ध झाली. लस चांगली निघाली. पण त्या दोन दिवसांत समितीत काय वाद झाला, कोणी काय शंका काढली, हे तेव्हाच सांगितले असते, तर पहिल्या फळीतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी काही जण रांगेत उभे राहायला कचरले, ते कदाचित कचरले नसते.

उघडेपणाने सारे सुरळीत होते, असाही भ्रम नको. अमेरिकेत औषध सल्लागार समितीच्या बैठका कोणालाही पाहता येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये अल्झायमरवरच्या अ‍ॅड्युहेल्म या औषधाचा मुख्य पुरावा पुरेसा आहे का, यावर ११ सदस्यांनी मत दिले. दहा जण ‘नाही’ म्हणाले, एक अनिश्चित राहिला, ‘हो’ कोणीच म्हणाले नाही. तरीही जून २०२१ मध्ये तिथल्या एफडीएने औषध मंजूर केले. तीन सदस्यांनी राजीनामे दिले. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या लोकप्रतिनिधींच्या चौकशी अहवालाने, एफडीए आणि कंपनी यांचे या प्रकरणातले वागणे नेहमीच्या रीतीला धरून नव्हते, असे म्हटले. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीनेच औषध बंद करत असल्याचे जाहीर केले. चूक तिथेही झालीच. पण ती उघडी पडली, कारण कोण काय म्हणाले होते हे सगळ्यांनी ऐकले होते.

याच अमेरिकेत जून २०२५ मध्ये उलट टोकाचा प्रकार झाला. आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी (ज्युनियर) यांनी लसीकरण सल्लागार समितीच्या सर्व १७ सदस्यांना एका फटक्यात काढून टाकले. कारण दिले हितसंबंधांचे. त्या सदस्यांचे हितसंबंध आधीच सरकारी संकेतस्थळावर जाहीर होते. आक्षेप असता तर नाव घेऊन, एकेकाबद्दल घेता आला असता. न निवडलेल्या तज्ज्ञांवरचा राग म्हणून निवडून आलेल्यांच्या मर्जीतले तज्ज्ञ आणून बसवायचे, हा उपाय रोगापेक्षा वाईट आहे. आपल्याकडेही ‘तज्ज्ञ सगळे विकले गेलेत’ असे समाजमाध्यमांवर ठोकून देणाऱ्यांना हे सांगायला हवे. २०१२ चा अहवाल लिहिणाऱ्या खासदारांनी तज्ज्ञ हटवा असे म्हटले नव्हते. त्यांनी फायली मागवल्या आणि पत्रे एकाशेजारी एक ठेवून वाचली.

त्या अहवालानंतर काही बदलले, हे मान्य करायला हवे. आता विषयवार तज्ज्ञ समित्या आहेत, त्यांच्या शिफारशी संकेतस्थळावर येतात. २०१९ मध्ये नवे नियम आले. त्यांनुसार काही अटींवर भारतातली चाचणी माफ करता येते. ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि युरोपीय संघ यांची नावेही नक्की केली. त्यांनी मान्य केलेल्या, दुर्मीळ आजारांवरच्या किंवा जनुकीय उपचारांसारख्या औषधांना ही सूट मिळू शकते. हे योग्यच आहे. अशा आजारांच्या मुलांच्या आईवडिलांकडे थांबायला वेळ नसतो. मात्र २०१२ मध्ये जी गोष्ट आक्षेपार्ह ठरली होती, ती आता काही औषधांपुरती नियमात बसते. तेव्हा सूट कोणाला दिली आणि का, हे लिहून ठेवण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे.

संकेतस्थळावरच्या शिफारशी वाचल्या तर त्यातल्या कित्येक एका साच्यातल्या दिसतात. कंपनीने प्रस्ताव मांडला, समितीने सविस्तर चर्चा केली, मंजुरीची शिफारस केली. सविस्तर चर्चा अर्ध्या ओळीत संपते. त्या दिवशी खोलीत कोण हजर होते, त्यातल्या कोणी त्या कंपनीसाठी पूर्वी चाचणी घेतली होती का, कोणाचे मत वेगळे होते का, हे त्यात बहुधा सापडत नाही. माहिती अधिकारात विचारले तर व्यापारी गुपिताचे कारण पुढे करता येते. औषध बनवण्याची कृती गुपित असू शकते. उपस्थितांची यादी आणि त्यांच्या हितसंबंधांचे पत्रक यांत कंपनीचे कोणते गुपित असते, हे महानियंत्रकांच्या कार्यालयाने एकदा सांगावे. नाहीतर पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तापासून ती दोन्ही शिफारशीखाली छापायला लागावे.