मणका दबलाय, मग ऑपरेशन करायचं का?

लिंबाच्या झाडावरून पडलेला तिशीचा शेतकरी आणि मोरीत पाय घसरून धपकन बसलेली सत्तरीची आजी. दोघांच्याही एक्स-रेच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं, 'एल-१ मणका दबला आहे'. आणि दोन्ही घरांतून मला एकच प्रश्न येतो, "डॉक्टर, ऑपरेशन करावं लागेल ना?"

एक्स-रे मणक्याचा आकार सांगतो. तो कधी दबला, हे सहसा सांगत नाही. आजीचा मणका चार वर्षांपूर्वीच दबलेला असू शकतो आणि आजचं दुखणं शेजारच्या मणक्याचं. एमआरआयमध्ये ताज्या फ्रॅक्चरला हाडाच्या आत सूज दिसते, जुन्यात ती दिसत नाही. हे पाहिल्याशिवाय मणक्यात सिमेंट भरून घेऊ नका. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन चाचण्या आल्या. सिमेंट भरलेले आणि भरल्याचा नुसता देखावा केलेले, अशा रुग्णांच्या दुखण्यात फारसा फरक दिसला नाही. म्हणून बहुतेक आजींना मी वेदनाशामक गोळ्या, गरजेपुरता पट्टा, लवकर चालणं आणि हाडांच्या ठिसूळपणाचे उपचार सांगतो. पण बारीक ताप आहे, वजन घटतंय, रात्री जास्त दुखतं, तर एमआरआयला उशीर नको. आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही भेटतो, आणि तिथे सिमेंट भरणं म्हणजे घातच.

आता त्या शेतकऱ्याचं. त्याला आधी सीटी स्कॅन हवा. हाडाचे किती तुकडे झाले, एखादा मज्जारज्जूच्या नळीत घुसलाय का, ते त्यात नीट दिसतं. मागचे अस्थिबंध तुटलेत का आणि नसांना मार बसलाय का, हे एमआरआय सांगतो. अस्थिबंध तुटले असतील तर मणका डळमळतो, मग स्क्रू आणि रॉड लावून तो पक्का करावा लागतो. मात्र तुकडा आत सरकलेला दिसला म्हणून लगेच ऑपरेशन, असंही नाही. पायांची ताकद शाबूत आहे, अस्थिबंध धड आहेत, अशी कितीतरी फ्रॅक्चर्स पट्ट्यावर जुळतात. अशा रुग्णाचा उभं राहून पुन्हा एक्स-रे काढावा. सीटी आणि एमआरआय झोपवून काढतात. अंगाचा भार आल्यावर मणका आणखी खचतो का, ते त्यात कळत नाही.

याउलट लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पाय लुळे पडले, तर तासही घालवू नका. जळगाव असो वा धुळे, थेट मोठं रुग्णालय गाठा. आणि पडलेल्या माणसाला हातापायांना धरून उचलू नका. आपल्या गावांत अजून तसंच उचलतात, मग मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात. ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. डोकं, पाठ, कंबर एका रेषेत धरून फळीवर घ्या, दाराची फळीही चालेल.

आणि हो, जुने फोटो फेकू नका. दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेत तोच मणका तेवढाच दबलेला दिसला, तर सर्जनचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.