वाघ, गाय आणि बंगळूरचे विद्यार्थी

जुलै महिन्याच्या अखेरीस जागतिक व्याघ्रदिन आला, की बंगळूरच्या शाळा-महाविद्यालयांतील मुले वाघाचे मुखवटे चढवून, हाती फलक घेऊन लोकांना व्याघ्ररक्षणाचे आवाहन करताना दिसतात. २९ जुलै हा दिवस २०१० साली सेंट पीटर्सबर्ग येथे भरलेल्या परिषदेत मुक्रर झाला. मुलांना ह्या कार्यात सामील करून घेण्याचा प्रघात मात्र त्याहून जुना आहे. मुंबईच्या ‘सँक्चुअरी’ नियतकालिकाने २००० साली ‘किड्स फॉर टायगर्स’ हा शालेय उपक्रम सुरू केला, आणि इतर शहरांबरोबर बंगळूरच्या शाळाही त्यात आल्या. मुखवट्यांनी वाघ वाचतो काय, असे विचारून ह्या उत्साहाची थट्टा करणारे लोक थोडे नाहीत. ती थट्टा अनाठायी होय. परंतु मुले लोकांना नेमके काय सांगतात, ह्याची चिकित्सा अवश्य झाली पाहिजे.

वाघ नामशेष होत चालला आहे, असे सांगण्याची सवय अद्याप गेलेली नाही. १९७३ साली १ एप्रिलला व्याघ्र-प्रकल्पाचा प्रारंभ झाला, तेव्हा ती भीती खरी होती. त्या वेळी निवडलेल्या पहिल्या नऊ अरण्यांत महाराष्ट्रातील मेळघाट होते, तसेच कर्नाटकातील बंदीपूरही होते. आता २०१४ च्या गणनेतील कर्नाटकाचे ४०६ वाघ २०२२ च्या गणनेत ५६३ भरले. ह्याहून अधिक वाघ एकट्या मध्य प्रदेशात आहेत. हे आकडे कसे मिळतात, तेही सांगण्याजोगे आहे. पूर्वी पावलांच्या ठशांवरून वाघ मोजीत, व त्यात चुका फार होत. मूळचे यंत्र-अभियंते असलेले उल्हास कारंत ह्यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेच्या अरण्यात आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे लाविले. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. म्हणून कोणता वाघ कितीदा पुन्हा दिसला ह्यावरून, न दिसलेल्यांचाही अंदाज गणिताने बांधता येतो.

संख्या वाढली, तसे दुःखही वाढले. जून २०२५ मध्ये चामराजनगर जिल्ह्यातील मले महादेश्वर अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे चार बछडे मरून पडलेले आढळले. वाघिणीने एक गाय मारली होती. त्या गाईच्या शवात विष मिसळण्यात आले होते, असे तपासात पुढे आले. वृत्तपत्रांतून संतापाचा पूर उसळला, आणि तो योग्यच होता. तथापि ह्या प्रसंगी फलक घेऊन उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने गाईचाही विचार करावयास हवा. लहान शेतकऱ्याच्या घरी गाय म्हणजे दूध, शेण आणि अडचणीच्या वेळी विकता येणारी ठेव. ती गेली की भरपाईसाठी पंचनामा, अर्ज, कागदपत्रे आणि तालुक्याच्या खेपा. एका वाघास वर्षाकाठी हरणाएवढी सुमारे पन्नास जनावरे लागतात, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. अरण्यात सांबर-चितळ पुरेसे नसले, तर ही भूक गोठ्याकडे वळते. आणि कधी माणसाकडेही. चंद्रपूर जिल्ह्यात मे २०२५ मध्ये तेंदूची पाने तोडावयास गेलेल्या स्त्रियांचे प्राण गेले, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असेल.

बंगळूरच्या नागरिकाला ह्यातले काही सोसावे लागत नाही. लाभ मात्र त्याच्या घरापर्यंत येतो, अगदी नळावाटे येतो. शहराला पाणी देणारी कावेरी सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून पंपांनी वर चढवून आणली जाते. तिला मिळणारी काबिनी नागरहोळे आणि बंदीपूर ह्या दोन व्याघ्रक्षेत्रांच्या मधून वाहते. त्या डोंगरांवरची झाडी टिकली, तर पावसाचे पाणी मुरते आणि धरणांत गाळ कमी येतो. विद्यार्थ्यांच्या प्रचाराचा रोख म्हणूनच शहराकडे असावा. बंदीपूरमधून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ सालापासून रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत वाहतुकीस बंदी आहे, आणि ती उठविण्याची मागणी वारंवार होते. उटीला निघालेल्या आपल्या आईवडिलांना ही बंदी का हवी, ते सांगणे मुखवटा घालण्यापेक्षा अवघड आहे. भरपाई वेळेवर मिळावी ह्यासाठी शासनाकडे पत्रे लिहिणे त्याहून नीरस. पण विषप्रयोगाला खरा आळा त्यानेच बसेल.

ह्या वाटेवर काम सुरू झालेले आहे. बंगळूरच्याच वन्यजीव अभ्यास केंद्राने २०१५ साली ‘वाइल्ड सेवे’ ही सेवा काढली. बंदीपूर-नागरहोळेच्या परिसरातील शेतकऱ्याने दूरध्वनी केला, की कार्यकर्ता घरी येऊन नुकसानीची नोंद करतो व अर्ज भरून देतो. २०१८ पासून हेच केंद्र ‘वाइल्ड शाले’ ह्या उपक्रमातून अरण्यालगतच्या शाळांत जाते. कन्नडमध्ये शाळेस ‘शाले’ म्हणतात. तिथली मुले शेजारी वाघ असताना कसे राहावे, हे शिकत आहेत. त्यांतील एखाद्याला पुढच्या २९ जुलैस बंगळूरच्या शाळेत बोलावून, त्याच्या घरी गाय मेली तेव्हा काय घडले, ते त्याच्याच तोंडून ऐकावे.