उगवण झाली, पण पीक हाती लागलं नाही

शेतीतला पडता काळ आणि पक्षाचा पडता काळ यांत फारसा फरक नसतो. माणूस आधी नशिबाला दोष देतो, मग सरकारला देतो, आणि आपल्या बांधाला खांड पडली आहे का, हे सगळ्यात शेवटी बघतो. महाराष्ट्रातल्या काँग्रेसचं २०१४ पासून असंच झालं. त्या वर्षी लोकसभेच्या ४८ जागांपैकी तिच्या वाट्याला आल्या २, नांदेड आणि हिंगोली. २०१९ ला उरली एक, चंद्रपूर. एके काळी सोसायट्या, साखर कारखाने आणि दूध संघ ज्या पक्षाच्या हातात होते, त्याची ही गत झाली.

आणि ४ जून २०२४ ला निकाल लागला तेव्हा याच पक्षाने १७ जागा लढवून १३ जिंकल्या. राज्यात सर्वांत जास्त जागा त्याच्याच. दिल्लीतही ५२ वरून ९९ वर मजल गेली. कार्यकर्त्यांनी गुलाल उधळला. त्यात गैर काही नाही. पण तो गुलाल कोणाच्या घामाचा होता, हे शेतकऱ्याने नीट समजून घ्यायला हवं.

कांद्याचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसवलं. ८ डिसेंबरला तर निर्यातच बंद केली. शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून ही तजवीज, पण तिचा भार पडला नाशिक-नगरच्या शेतकऱ्यावर. बंदी उठली ४ मे २०२४ ला, आणि नाशिक, दिंडोरी, धुळे इथलं मतदान होतं २० मे रोजी. तेव्हाही ४० टक्के शुल्क लावलं आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात दराची अट घातली. शेतकरी सोळा दिवसांत विसरेल, असा हिशेब कोणी केला असेल तर तो चुकला. तिन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. दिंडोरीत तर केंद्रातल्या राज्यमंत्री पडल्या. धुळ्यात काँग्रेसला अवघ्या ३,८३१ मतांनी जागा मिळाली.

जुनी मंडळी १९८० ची निवडणूक आठवतील. १९७७ ला सपाटून हरलेल्या इंदिरा गांधी तीन वर्षांत ३५३ जागा घेऊन परत आल्या. तेव्हाही कांदा गाजला होता. पण तो गिऱ्हाइकाचा कांदा होता, महाग झाला म्हणून गाजला. २०२४ चा कांदा पिकवणाऱ्याचा होता, मातीमोल झाला म्हणून गाजला. हा फरक लहान नाही. शेतकऱ्याच्या मताला वजन आहे, हे त्याने दाखवलं.

मात्र सगळीकडे एकच कारण नव्हतं. आपल्या भिवंडीत कांद्याचा प्रश्नच नाही. हा मतदारसंघ नवा झाला तेव्हा, २००९ ला, काँग्रेसचे सुरेश टावरे निवडून आले. पुढे २०१४ आणि २०१९ ला दिवे-अंजूरचे कपिल पाटील भाजपकडून जिंकले, केंद्रात पंचायत राज खात्याचे राज्यमंत्रीही झाले. २०२४ ला राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाचे सुरेश म्हात्रे, म्हणजे आपले बाळ्यामामा, ६६ हजारांवर मतांनी आले. अपक्ष निलेश सांबरे यांनीही दोन लाखांवर मतं घेतली. काँग्रेसने जागा मागितली होती, ती मित्रपक्षाला गेली. म्हणजे एकमेकांची मतं एकमेकांना मिळाली, काही ठिकाणी तिसऱ्याने विभागणी केली, आणि बेरीज जुळली. शेजाऱ्याच्या पाण्यावर भात आलं, तर विहीर आपली झाली असं कोणी म्हणत नाही.

पण पक्षाने नेमकं तेच म्हटलं. विधानसभेच्या जागावाटपात आठवडेच्या आठवडे गेले. मुख्यमंत्री कोण, यावर वाद झाले. तिकडे सत्ताधारी मात्र हरल्याबरोबर कामाला लागले. जूनच्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणींना महिना १,५०० रुपये आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. सप्टेंबरमध्ये कांद्याचा किमान निर्यात दर काढला, शुल्क २० टक्क्यांवर आणलं. हरलेला शिकला आणि जिंकलेला हुरळला. २३ नोव्हेंबर २०२४ ला काँग्रेसच्या हाती विधानसभेच्या २८८ पैकी १६ जागा आल्या. संगमनेरात बाळासाहेब थोरात पडले, कराडात पृथ्वीराज चव्हाण पडले. प्रदेशाध्यक्ष नाना पटोले साकोलीत २०८ मतांनी वाचले.

खाडीकाठच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, की एका पावसात जमीन गोडी होत नाही. आधी खांड बुजवावी लागते, उघाडी दुरुस्त करावी लागते, मग पावसाचं पाणी साठवायचं आणि सोडायचं, असं दोन-तीन वर्षं चालतं. पहिल्या वर्षी थोडी हिरवळ दिसली म्हणून पीक आलं असं होत नाही. पक्षाची खांड असते गावात. गावात माणूस नाही, सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल नाही, पीकविम्याच्या तक्रारीला कोणी बरोबर येत नाही. ही खांड उघडी ठेवून आलेलं यश पुढच्या भरतीला वाहून जातं. हे कोणत्याही पक्षाला लागू आहे, आज जिंकलेल्यांनाही.

आता प्रश्न आपला. पक्ष पडो की उठो, शेतकऱ्याच्या पदरात काय? दोन्ही निवडणुका मिळून थोडं पडलं, हे मान्य करायला हवं. १ एप्रिल २०२५ पासून कांद्याचं निर्यात शुल्क पूर्ण गेलं. पण विधानसभेच्या प्रचारात सोयाबीनला एका बाजूने ६,००० आणि दुसऱ्या बाजूने ७,००० रुपयांची भाषा होती, आणि त्याच वेळी बाजारात ४,८९२ चा हमीभावसुद्धा मिळत नव्हता. नुसता राग मतपेटीत टाकला, की त्याच्या बदल्यात सवलत मिळते. भाव मिळवायचा तर मागणी नेमकी लागते.

म्हणून अंजूर, काल्हेर, कशेळीकडच्या भातवाल्यांना सांगणं एवढंच. पुढची निवडणूक कोणतीही असो, दारात येणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. भाताचं खरेदी केंद्र कापणीच्या आधी उघडणार का, मळणी होऊन भात व्यापाऱ्याकडे गेल्यावर? गोदामांच्या भरावाने बुजलेले नाले मोकळे कोण करणार, कारण उरलेल्या खाचरांत पाणी तुंबलं तर तीही विकावी लागतील? खारबंदिस्तीच्या बांधाला पैसा कधी, आणि तो पावसाळ्यापूर्वी का नाही? उत्तर लिहून घ्या, तारीख टाका, आणि ग्रामसभेत वाचून दाखवा. तो कोणत्या निशाणीचा आहे, ते नंतर बघू.