लेखकाचा अनध्याय

गेल्या नवरात्रात बडोद्यातील आमच्या एका स्नेह्यांच्या घरी चार साहित्यप्रेमी मंडळी जमली होती. बाहेर गरब्याचे ढोल वाजत होते, आत चहा चालला होता. मंडळींत एक तरुण कथालेखक होते. बोलता बोलता ते खालच्या आवाजात म्हणाले, "पंधरा दिवस झाले, एक ओळ लिहिली नाही. बहीण मुलांना घेऊन माहेरी आली आहे, घर भरून गेले आहे. पण मनाला सारखी टोचणी लागून राहिली आहे." त्यावर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी निर्णय दिला, "लेखन हे व्रत आहे. व्रतात खंड पडला की फळ गेले. लेखणीला सुट्टी नसते!" मंडळींनी माना डोलावल्या. तरुण लेखक अधिकच ओशाळले.

आम्ही त्या वेळी गप्प बसलो, ही आमची चूक झाली. ती येथे दुरुस्त करीत आहोत. आमचे स्पष्ट मत असे की, ते वाक्य दिसायला भारदस्त असले तरी खोटे आहे. आणि ते ज्या धर्माच्या भाषेत उच्चारले गेले, त्या धर्माच्याच आधारे ते खोटे ठरते.

ज्या घरात ते वाक्य उच्चारले गेले, त्याच घराच्या देवघरात त्या दिवशी काय होते? चौरंगावर पोथ्या मांडल्या होत्या, त्यांवर फुले वाहिली होती. मूळ नक्षत्रावर सरस्वतीचे आवाहन करावे, पूर्वाषाढा नक्षत्रावर पूजन करावे आणि श्रवण नक्षत्रावर विसर्जन करावे, हा आपला जुना परिपाठ आहे. स्थापना व विसर्जन यांच्या दरम्यान शिकवू नये, शिकू नये आणि लिहू नये, असा निषेध आपल्या निबंधग्रंथांत नोंदला आहे. आमची आजी गोव्याकडची. पाटीवर पेन्सिल टेकवली की ती देवघरातून ओरडत असे, "आयज वाचचें न्हय, बरोवचें न्हय!" आम्हां मुलांना तो आनंदाचा हुकूम वाटे. त्यातील अर्थ पुष्कळ उशिरा कळला. विद्येची देवता घरी आली असताना तिच्या सन्मानार्थ करावयाची गोष्ट जर कोणती असेल, तर ती लेखणी खाली ठेवणे ही होय. मग त्याच दिवसांत न लिहिणाऱ्या माणसाने कोणाची माफी मागावयाची?

ही गोष्ट नवरात्रापुरतीच आहे असे कोणी समजू नये. वेदाध्ययनाइतके कडक व्रत आपल्या परंपरेत दुसरे कोणते? पण त्या व्रतालाही अनध्याय होता. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या व पौर्णिमा हे ठरलेले अनध्याय तर होतेच. शिवाय याज्ञवल्क्यस्मृतीने प्रसंगपरत्वे 37 अनध्याय मोजून सांगितले आहेत. त्यांत मेघगर्जना आहे, धुळीचे वादळ आहे. शिष्ट पुरुष घरी आला असता अध्ययन थांबवावे, असे तेथे सांगितले आहे. आणि आर्ताचा स्वर कानी पडला असताही थांबवावे, असेही सांगितले आहे. वेदाचा पाठ जर दारातील पाहुण्यासाठी थांबतो, दुःखिताच्या हाकेसाठी थांबतो, तर आमची कथा बहिणीच्या मुलांसाठी थांबू नये, असा अधिकार तिला कोणी दिला? अनध्याय म्हणजे व्रतभंग नव्हे. अनध्याय हा व्रताचाच एक नियम आहे.

यावर आमचे प्रतिपक्षी बडोद्याचाच एक मोठा दाखला पुढे करतात. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई 1889 साली महाराज सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत आले आणि 1925 साली निवृत्त झाले. राजवाड्यातील नोकरी सांभाळून त्यांनी रियासतीचे खंड लिहिले. निवृत्तीनंतर कामशेतला राहून पेशवे दफ्तराचे 45 खंड संपादिले. "त्यांनी सुट्ट्या घेतल्या असत्या तर हे झाले असते काय?" असा प्रश्न आम्हांला विचारला जातो.

रियासतकारांपुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण हा दाखला प्रतिपक्षाच्या उपयोगी पडत नाही. 1898 साली त्यांच्या रियासतीचा पहिला ग्रंथ आला आणि 1948 साली त्यांच्या इंग्रजी मराठेशाहीच्या इतिहासाचा तिसरा खंड आला. पन्नास वर्षांचे हे काम आहे. जे काम पन्नास वर्षांच्या मापाने चालते, त्याला दिवाळीचे चार दिवस आणि उत्तरायणाचे दोन दिवस बुडवीत नाहीत. बुडवितो तो आळस, आणि आळसाला सणांची गरज लागत नाही. दुसरे असे की, याच रियासतकारांचा मुलगा श्यामकांत ऐन तारुण्यात गेला, आणि त्याची पत्रे पुढे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. इतिहासाच्या एवढ्या खंडांच्या शेजारी एका घरातील ही पत्रेही मराठीने जपून ठेवली आहेत. मुलाने घरच्यांना लिहावे व घरच्यांनी ते जपावे, यासाठी लागणारा वेळ कोणी वाया गेला असे म्हणेल काय?

आता आमच्या दिवाळी अंकांविषयी. 1909 साली का. र. मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाशेजारी अंक ठेवण्याची सुंदर चाल मराठी घरांत रुजली. अंक वाचणाऱ्या घराला त्यापासून सुख होते. पण लिहिणाऱ्याच्या घरचे काय? श्रावण आला की संपादकांची स्मरणपत्रे सुरू होतात. गौरी-गणपतीत घर आरत्या म्हणत असते आणि लेखक आतल्या खोलीत दार लोटून दुसऱ्यांच्या सणासाठी मजकूर पुरवीत असतो. पूर्वी निदान दौत-टाक घरी ठेवून बाहेर पडता येत असे. आता भ्रमणध्वनी खिशात असतो आणि कमाटी बागेत नातवाला झोपाळ्यावर बसवूनही आजोबा संपादकांना उत्तर देत असतात. नातू हाक मारतो. आजोबा "हो, हो" म्हणतात. हे लेखनही नव्हे आणि घरही नव्हे.

येथे एक आक्षेप असा येतो की, ज्याचा आम्ही आदर करतो. आमच्या एका लेखिका भगिनी म्हणाल्या, "तुम्हां पुरुषांना घरासाठी सुट्टी घ्यावी लागते. आम्हांला घरातून सुट्टी कोण देतो? तुम्ही लिहीत नाही तेव्हा तुम्हांला टोचणी लागते. आम्ही लिहितो तेव्हा आम्हांला लागते." हे अक्षरशः खरे आहे. 1906 साली पुण्यास जे मराठी साहित्यसंमेलन भरले, त्याचे अध्यक्ष गोविंद वासुदेव कानिटकर होते. त्यांच्या पत्नी काशीबाई लग्नानंतर घरच्यांचा विरोध सोसून लिहा-वाचावयास शिकल्या, आणि पुढे 'रंगराव' ही कादंबरी व डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र त्यांच्या हातून झाले. पतीचे उत्तेजन नसते तर ते कठीण होते. म्हणून आमचे म्हणणे आम्ही अर्धे ठेवीत नाही. पुरुष लेखकाने सणाच्या दिवशी लेखणी ठेवून नुसते पाटावर येऊन बसावे, आणि फराळ तिने तळावा, याला आम्ही अनध्याय म्हणत नाही. ती जुनीच सोय आहे. त्याने करंज्यांना मुरड घालावयास बसावे, आणि वर्षातील काही दुपारी तिच्या मेजाकडे कोणी फिरकू नये, अशी व्यवस्था त्याने स्वतः करावी. घराच्या सुखात जो वाटा घेतो, त्याने घराच्या कामातही घेतला पाहिजे. तेव्हाच दोघांचीही टोचणी जाईल.

हे सारे आम्ही कोणत्या अधिकाराने सांगतो? शहाणपणाच्या अधिकाराने मुळीच नव्हे. वीस वर्षांपूर्वी आम्ही आईला घेऊन मंगेशीला गेलो होतो. आई थकली होती. कुळदेवाचे दर्शन घडावे एवढीच तिची इच्छा होती. आमच्या पिशवीत एका लेखसंग्रहाची मुद्रिते होती, आणि ती चार दिवसांत परत पाठवावयाची होती. सोमवार होता. संध्याकाळी आम्ही अग्रशाळेत दिव्याखाली मुद्रिते तपाशीत बसलो. वाजंत्री सुरू झाली. आई दाराशी येऊन म्हणाली, "पालखी भायर सरल्या, यो रे." आम्ही म्हटले, "आलोच, एवढे पान संपवितो." ती थोडा वेळ थांबली आणि काठी टेकीत एकटीच गेली. पान संपवून आम्ही बाहेर आलो तेव्हा पालखी आत गेली होती, आणि आई दीपमाळेपाशी एका अनोळखी बाईंचा हात धरून उभी होती. ती रागावली नाही. "बरें जालें पळोवंक मेळ्ळें," एवढेच म्हणाली. पुन्हा तिचे गोव्यास जाणे झाले नाही. तो संग्रह निघाला. त्याच्या प्रती आमच्या कपाटात अजून आहेत. त्या पानावर आम्ही कोणती चूक दुरुस्त केली, ते आज आम्हांला आठवत नाही.

तेव्हा त्या तरुण लेखकांना आमचे सांगणे असे : पंधरा दिवस लिहिले नाही याची लाज बाळगू नका. अनध्याय पाळावयाचा तर पुरता पाळा. कागद उशाखाली ठेवून घरात वावरू नका. आरंभाचा दिवस ठरवा, तसा शेवटचाही ठरवा, कारण विसर्जनाच्या दिवशी पोथी पुन्हा हाती घेणे हाही त्याच परिपाठाचा भाग आहे. संपादकांना निःसंकोच कळवा, "या दिवसांत घरी अनध्याय आहे." संपादकांनीही, आणि त्यांत या मासिकाचेही आले, ते उत्तर मानाने स्वीकारावे.

सरस्वती चौरंगावर आहे, बहीण माहेरी आली आहे, मुले गच्चीवर हाका मारीत आहेत. आधी वर जा. लिहावयाचे ते विजयादशमीनंतर लिहा.