सरड्याला दगड मारू नका

कुंपणावर सरडा दिसला की आपण पोरं लगेच दगड उचलतो. मला ते पटत नाही. सरडा पिकावरचे किडे खातो. कुणी म्हणतं, त्याच्या रक्तात रोगाचे जंतू असतात. पण नीट ऐका. डॉ. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू सूक्ष्मदर्शकातून दिसले. त्याच कुळातले जंतू जगातल्या काही सरड्यांच्या रक्तातही सापडतात. मात्र त्यांची जात निराळी. तो मलेरिया माणसाला होत नाही. शास्त्रज्ञ अजूनही अशा नव्या जाती शोधून त्यांना नावे देतात. सरडेच मारले तर ते शोधणार कशात? म्हणून मित्रांनो, सरड्याला हात लावू नका, पण दगडही मारू नका.